हाकेला ओ देणारा गजर

भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेरच्या गल्लीत विजेच्या सामानाचं एक अरुंद दुकान आहे. बोलून लावता येणारं गजराचं घड्याळ आहे का, असं मी तिथे विचारलं. दुकानदाराने फळीवरून लाकडी विटेसारखा एक ठोकळा काढला. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘व्हॉइस कंट्रोल’ छापलेलं. त्याने ठोकळा काउंटरवर ठेवला आणि जोरात टाळी वाजवली. लाकडातून लाल आकडे उजळले, ११:४२.

“बघा ताई, आवाजावर चालतं.”

“सहाचा गजर लाव म्हटलं तर लावेल?”

तो हसला. “तेवढं नाही. गजर मागच्या बटनाने लावायचा. आवाज केला की लाइट लागते.”

ऑनलाइन बाजारातही हाच घोळ आहे, म्हणून सुरुवात इथूनच केलेली बरी. ‘साउंड कंट्रोल’ आणि ‘व्हॉइस कंट्रोल’ हे शब्द तिथे एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतात. तुम्ही काय बोललात याच्याशी या ठोकळ्याला देणंघेणं नसतं. आवाज पुरेसा मोठा झाला की आकडे पेटवायचे, एवढंच त्याचं काम. यूएसबीच्या वायरवर ठेवलं तर आकडे जळत राहतात. नुसत्या सेलवर ठेवलं तर सेल वाचवायला विझतात आणि टाळीला उजळतात. बऱ्याच ठोकळ्यांच्या पोटात बटनासारखा एक चपटा सेल असतो, तो वीज गेल्यावर वेळ लक्षात ठेवतो. वस्तू हजाराच्या आत मिळते आणि त्या मानाने वाईट नाही. रात्री खोलीत अंधार राहतो हा तर मोठाच गुण. फक्त वरातींच्या दिवसांत ठोकळ्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही. आमच्या शेजारणीचा ठोकळा कुकरच्या शिट्टीलाही दचकून उठतो.

मला हवं होतं ते खरोखर बोललेलं कळणारं घड्याळ. कारण घरातलं गणित. पूर्वेला आमचा वन बीएचके. नवरा रात्रपाळी करून तीन-साडेतीनला येतो. मला सव्वापाचला उठायचं असतं, मुलाला क्लाससाठी सहाला, आणि सासूबाईंना काचबिंदूमुळे घड्याळाचे काटे दिसत नाहीत, त्यामुळे त्या रात्री दोनदा तरी “किती वाजले गं?” विचारतात. त्यात भाईंदरहून सुटणारी लोकल मिळाली तर बसायला मिळतं. ती गेली की विरारहून भरून आलेल्या गाडीच्या दारात पाय ठेवायची मारामार. मीरा रोडची माणसं उलटी भाईंदरला येतात ती याचसाठी. पहाटेची दहा मिनिटं गेली की पुढचा तासभर उभ्याने जातो.

म्हणजे दीड खोलीत चार माणसं आणि प्रत्येकाची पहाट निराळी. अशा घरात घड्याळ निवडताना कोणाला उठवायचं हे ठरवणं सोपं असतं. कोणाला उठवायचं नाही, यावर सगळं अडतं. जाहिरातीतली खोली बघा: मोठा पलंग, एकटं माणूस, पडद्यातून येणारं ऊन. तिथे कोणीही कितीही मोठ्याने यंत्राशी बोलावं.

आवाजाने उठणं या पट्ट्याला काही नवं नाही. ‘तास’ हा शब्दच मुळी काशाच्या थाळीचा. थाळीवर टोला पडला की तास झाला. ‘गजर’ विठ्ठलनामाचाही होतो आणि घड्याळाचाही होतो, आणि दोन्हीकडे अपेक्षा एकच, की कोणी झोपलेलं राहू नये. खाडीपलीकडे वसईच्या किल्ल्यातल्या पोर्तुगीज चर्चांच्या घंटा होत्या. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर त्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावरची घंटा त्यांतलीच, तिच्यावर १७२१ हे साल आहे. अशी घंटा सगळ्या गावाला एकदम उठवायची आणि त्याबद्दल तक्रार नसायची, कारण गावाला बहुधा एकाच वेळी उठायचं असायचं.

आता यंत्रांकडे. पंधराएक वर्षांपूर्वी ‘मोशी’ नावाचं एक परदेशी घड्याळ गाजलं होतं. “हॅलो मोशी” म्हटलं की ते इंग्रजीत “कमांड प्लीज” म्हणायचं. मग ठरलेल्या डझनभर आज्ञांपैकी एक द्यायची: वेळ सांग, गजर लाव, तापमान सांग, रात्रीचा दिवा लाव. त्याला इंटरनेट लागत नसे. जे कळायचं ते पोटातल्या चिपला. आज्ञा शब्दशः आणि अमेरिकी वळणाने द्यावी लागे. आज ती जात जवळजवळ संपली आहे. तिचा एक गुण मात्र पुढच्या यंत्रांत आला नाही, तो म्हणजे घरातलं बोलणं घरातच राहायचं.

तिची जागा बोलक्या स्पीकरने घेतली. अ‍ॅमेझॉनचा इको अमेरिकेत २०१४ मध्ये आला, भारतात ऑक्टोबर २०१७ मध्ये. गुगलचा स्पीकर इथे एप्रिल २०१८ मध्ये. हे स्पीकर मुळात गाण्यांसाठी घेतले गेले. पण लोक त्यांना वेळ विचारतात आणि गजर लावायला सांगतात हे कंपन्यांच्या लक्षात आलं, तशी त्यांना घड्याळाची तोंडं फुटली. इको डॉटच्या एका प्रकारात कापडाआडून आकडे दिसतात आणि वर टपली मारली की गजर थोडा वेळ गप्प बसतो. लेनोव्होने गुगलच्या आवाजावर चालणारं ‘स्मार्ट क्लॉक इसेन्शियल’ २०२१ मध्ये साडेचार हजारांच्या आसपास आणलं. ते दिसायलाही घड्याळासारखंच. त्यापुढे पडद्याची यंत्रं: इको शो, गुगलचा नेस्ट हब, आणि इको स्पॉट.

पण बोलून गजर लावण्याचा फायदा नेमका कोणाला? रोज सव्वापाचलाच उठणाऱ्या माझ्यासारखीला तो जवळजवळ नाही. एकदा लावला की महिनोन् महिने तोच वाजणार, बोलायचं काय? ज्याची वेळ रोज बदलते त्याला मात्र ही सोय खरी. उत्तनच्या कोळ्यांचंच घ्या. भरती रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते, तसं त्यांचं निघणंही सरकतं. मीरा रोडच्या नया नगरमध्ये रमजानात सहरीची वेळ पहाटेबरोबर दिवसागणिक मिनिट-अर्ध्या मिनिटाने हलते आणि वर्षागणिक महिना दहा-अकरा दिवसांनी आधी येतो. आठवड्याला पाळी बदलणारे, विमानतळावर जाणारे, आज इथे उद्या तिथे शूटिंग असलेले कलाकार, या सगळ्यांना अंधारात बटनं दाबत बसण्यापेक्षा पडल्यापडल्या एक वाक्य बोलणं सोपं. तुमची वेळ ठरलेली असेल तर या वाक्यासाठी पाच-सात हजार घालवायचे का, याचा विचार दुकानात जायच्या आधी करावा. मी केला नव्हता.

आता भाषा. अलेक्सा सप्टेंबर २०१९ पासून हिंदी बोलते, गुगलचे स्पीकरही हिंदी बोलतात. मराठी मात्र स्पीकरमध्ये नाही, ती फोनमध्ये आहे: गुगल असिस्टंटला ऑगस्ट २०१८ मध्ये मराठी आली, आणि २०२४ मध्ये जेमिनीचं अ‍ॅप भारतात आलं तेव्हा नऊ भारतीय भाषांत मराठी होती. गंमत अशी की कपाळाशी ठेवलेला फुकटचा फोन मराठी जाणतो आणि विकत आणलेलं घड्याळ जाणत नाही. आमच्या शहराला याचं फार दुःख व्हायचं कारण नाही. इथे भाजी गुजरातीत घेतात, रिक्षा हिंदीत थांबवतात. पण झोपेतून अर्धवट उठलेलं माणूस आईच्या भाषेत बोलतं. घरी असा एक स्पीकर आणला, तेव्हा सासूबाईंनी पहिल्या रात्री त्याला विचारलं, “अगं, किती वाजले?” यंत्र ढिम्म. मग जरा अदबीने, “बाई, किती वाजले?” तरी ढिम्म. त्याला आधी त्याच्या नावाने हाक मारावी लागते हे त्यांना पटेना. “मी हाक मारतेच आहे की,” त्या म्हणाल्या.

हे यंत्र एका मैत्रिणीकडून महिनाभर वापरायला आणलेलं. कंपनी कोणती ते राहू दे. दुसऱ्या आठवड्यात एका लग्नाहून परत येता येता शेवटच्या गाड्यांपैकी एक मिळाली आणि घरी पोचेपर्यंत साडेबारा झाले. पडल्यापडल्या मी हिंदीत सांगितलं, उद्या सकाळी सव्वापाचचा गजर लाव. त्याने गोड आवाजात हो म्हटलं, तारीखही सांगितली. मी ती ऐकण्याआधीच झोपले. सकाळी जाग आली ती सात वाजता, खालच्या भंगारवाल्याच्या आरोळीने. यंत्राची चूक नव्हती. बारा वाजून गेल्यावर त्याच्या लेखी तारीख बदललेली होती, त्यामुळे ‘उद्या’ म्हणजे त्याच्या पुढचा दिवस. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो आणि आपल्या बोलण्यातही; डोळे मिटून उघडल्याशिवाय आपला उद्या येत नाही. तेव्हापासून मध्यरात्रीनंतर मी ‘उद्या’ हा शब्दच वापरत नाही. नुसतं ‘सव्वापाचला’ म्हणावं किंवा ‘पाच तासांनी उठव’ म्हणावं, आणि यंत्र उलट काय म्हणतं ते पूर्ण ऐकावं. पावणे, सव्वा, साडे हे तर उलट ऐकताना तपासावेतच.

आणखी एक घरगुती अडचण. आपल्याकडे भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवायची रीत आहे आणि सगळ्यांना ते ठाऊक असूनही तिचा उपयोग होतो. नेटवरून वेळ घेणाऱ्या घड्याळाला असं सहज पुढे ढकलता येत नाही. या मुंबईने एकेकाळी देशाच्या वेळेलाही दाद दिली नव्हती. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी एकोणचाळीस मिनिटं मागची ‘बॉम्बे टाइम’ इथे १९५५ पर्यंत चालू होती. आता आमच्या घरात दोन वेळा आहेत, भिंतीवरची आणि उशाशी असलेली, आणि नवरा दोन्हींची सरासरी काढतो.

गजर लावणं ही अर्धीच गोष्ट. तो बंद करणं हीच खरी परीक्षा, आणि जाहिरातीत ती कधी दिसत नाही. घसा कोरडा, शेजारी दोन तासांपूर्वी झोपलेलं माणूस, डोक्यावर पाचवर पंखा, आणि यंत्र वाजतंय. आता त्याला नावाने हाक मारायची, तीही त्याच्याच आवाजाच्या वरताण. पहिली हाक पुटपुटल्यासारखी जाते, ती त्याला कळत नाही. दुसरी जोरात जाते, ती नवऱ्याला कळते. इंग्रजीत गुगलच्या स्पीकरला २०१९ पासून नुसतं “स्टॉप” म्हटलेलं चालतं, हाक लागत नाही, ही त्यातल्या त्यात सुधारणा. पण बोटाने दाबलेल्या बटनाला जो शांतपणा आहे तो बोललेल्या शब्दाला नाही. माझं मत सांगते: वन बीएचकेत हे घड्याळ घ्यायचं तर डोळे मिटून, नुसत्या स्पर्शाने बंद होणारं घ्यावं. बोलणं रात्रीपुरतं, सकाळी हात. दुकानात गेल्यावर “काय काय बोलतं?” विचारू नका, ते वाजायला लावा आणि डोळे मिटून बंद करून बघा. विक्रेत्यांना या मागणीची सवय नाही, तरी.

टपली मारून मिळणाऱ्या डुलकीबद्दल एवढंच, की १९५६ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या टेलिक्रॉन घड्याळावर ती सोय आली आणि नऊ मिनिटांची परंपरा अजून सुटलेली नाही. अलेक्साही न सांगता नऊच मिनिटं देते. अशा दोन डुलक्या घेतल्या की आमची गाडी दहिसरच्या पुढे गेलेली असते.

झोपण्याच्या खोलीत कान उघडे ठेवणारं यंत्र ठेवावं का, हा प्रश्न घराघरांत विचारला जातो, बहुतेक वेळा घरातली बाई विचारते. यंत्राचं काम असं चालतं: हाकेचं नाव ते स्वतःच्या पोटातच ओळखतं, आणि ओळखलं की पुढचं बोलणं कंपनीच्या संगणकाकडे पाठवतं. अडचण होते ती नाव ऐकल्याचा भास झाला की. मालिकेतला एखादा शब्द, नात्यातल्या एखाद्या मुलीचं नाव, एवढंही पुरतं. २०१७ मध्ये अमेरिकेत बर्गर किंगने टीव्हीवरच्या जाहिरातीत मुद्दाम गुगलच्या स्पीकरला हाक मारली आणि लोकांच्या घरातली यंत्रं बोलू लागली. २०१९ मध्ये बातमी आली की अलेक्साशी झालेल्या बोलण्याचे काही तुकडे सुधारणेसाठी माणसंही ऐकतात. २०२३ मध्ये मुलांच्या आवाजाच्या नोंदी राखून ठेवल्याबद्दल अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत अडीच कोटी डॉलर दंड भरायचं मान्य केलं. आपल्याकडे वैयक्तिक विदासंरक्षणाचा कायदा त्याच वर्षी झाला. कॅमेऱ्याबाबत मात्र लोकांनी कंपन्यांना शहाणं केलं. पहिल्या इको स्पॉटला कॅमेरा होता आणि उशाशी कॅमेरा कशाला, यावर बरीच टीका झाली. २०२४ च्या नव्या स्पॉटमध्ये तो काढून टाकला आहे. पडदा हवाच असेल तर कॅमेरा नसलेला घ्यावा, नाहीतर निदान झाकण असलेला.

माइकला बटन असतं. ते दाबलं की दिवा लागतो आणि यंत्र बहिरं होतं, पण लावलेला गजर वाजायचा तो वाजतोच. म्हणून रात्री दहाला सांगायचं, माइक बंद करायचा, सकाळी हाताने थांबवायचं, असा क्रम आम्ही बसवला. त्यात नवऱ्याने एक शंका काढली: मग आवाजावर चालणारं कशाला आणलं?

विजेबद्दल चार शब्द. इको आधी लावून ठेवलेला गजर इंटरनेट गेलं तरी वाजवतो. वीज गेली की मात्र सगळं संपलं, कारण पोटात बॅटरी नाही. वीज परतल्यावरही त्याला वेळ नव्याने नेटवरून घ्यावी लागते. मीरा-भाईंदरमध्ये वीज फारशी जात नाही असं आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. पण १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमाराला मुंबईसकट सगळा पट्टा काही तास अंधारात गेला, लोकल जागच्या जागी थांबल्या. ते पहाटे झालं असतं तर किती घरं उठली असती? दीड-दोनशे रुपयांचं सेलवर चालणारं घड्याळ, मोरबीच्या कारखान्यांतून निघालेलं, टिकटिक करणारं, कपाटावर असू द्यावं. परीक्षेच्या किंवा विमानाच्या दिवशी तर त्याच्यावरच भिस्त ठेवावी.

उजेडाचं थोडक्यात सांगते. आकडे पांढरे-निळे असले तर मंद होतात का ते बघा. पार विझवता आले तर उत्तम. पहाटे हळूहळू उजळणारा पडदा छान दिसतो, पण एकाच खोलीत तो सगळ्यांनाच पहाट करतो.

या सगळ्यात आवाजाच्या घड्याळाचा खरा धनी कोण, तर सासूबाईंसारखं माणूस. त्यांना गजर नको आहे. रात्री जाग आल्यावर दोन वाजलेत की साडेचार, एवढंच हवं आहे. दृष्टिहीनांसाठी बोलती घड्याळं फार पूर्वीपासून आहेत. मोठं बटन दाबलं की वेळ सांगतात. नेट नाही, हाक नाही, माइक नाही. आम्ही स्पीकर परत केला आणि त्यांना असं एक घेतलं. ते इंग्रजी बोलतं. “फोर थर्टी,” असं ते म्हणालं की त्या “साडेचार” असं मोठ्याने मराठीत म्हणून घेतात आणि कुशीवर वळतात.

राहिला मुलगा. त्याला कोणताच गजर उठवत नाही. मधुर सुरांच्या गजराने उठणाऱ्यांना गुंगी कमी जाणवते असं मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठाच्या २०२० च्या पाहणीत दिसलं होतं, म्हणून बासरी लावली. तो बासरीवर आणखी छान झोपला. मग वाचनात आला ओहायोतल्या नेशनवाइड चिल्ड्रन्स हॉस्पिटलचा २०१८ चा प्रयोग. पाच ते बारा वर्षांची १७६ मुलं झोपेत असताना त्यांना धुराच्या अलार्मने उठवून बघितलं. नेहमीच्या कर्कश आवाजाने निम्म्याहून थोडीच अधिक उठली. आईच्या आवाजाने दहातली जवळजवळ नऊ उठली, आणि आईने मुलाचं नाव घेतलं की नाही याने फारसा फरक पडला नाही. आवाज आईचा असला की पुरे. आमचा सोळाचा आहे आणि माझ्या आवाजाला सरावलेला आहे. पण आजी हाक मारते तेव्हा उठतो, कारण ती वेळ खोटी सांगते: साडेपाच वाजलेले असताना “सव्वासहा झाले रे, ऊठ!”

फोनवर आपण रेकॉर्ड केलेला आवाज गजर म्हणून लावता येतो. मागच्या रविवारी सासूबाईंना समोर बसवून फोन धरला. पहिल्यांदा त्या लाजल्या, दुसऱ्यांदा खोकल्या, तिसऱ्यांदा त्यांचा नेहमीचा सूर लागला. सोमवारी पहाटे फोन ओरडला, “सव्वासहा झाले रे!” मुलगा ताडकन उठून बसला. हॉलमधून सासूबाई झोपेतच म्हणाल्या, “हो हो, उठले.”